गप्प बसणारा पहारेकरी

कारखान्यात त्याला सगळे मायक्रो म्हणायचे. लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस. जॉब, म्हणजे कातलेला लोखंडी तुकडा, नुसता हातात घेऊन 'केसभर जास्त आहे' म्हणायचा, आणि मायक्रोमीटर लावला की खरंच केसभर जास्त निघायचं. मग नसांचा आजार झाला. आधी पाय गेले, मग डावा हात, मग वाचा. आता उजव्या हाताचा अंगठा तेवढा त्याचं ऐकत होता.

त्या अंगठ्याखाली रुपयाएवढं एक बटण चिकटवलेलं होतं. बटणाची वायर समोरच्या जुन्या कॉम्प्युटरला. पडद्यावर मुळाक्षरांच्या ओळी एकेक करून उजळायच्या: स्वरांची, क-ची, च-ची. हवी ती ओळ उजळली की तो अंगठा दाबायचा. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून उजळायची, पुन्हा अंगठा. त्यानंतर काना-मात्रा. 'पाणी' म्हणायला त्याला पाऊण मिनिट लागायचं. सगळ्यात वरच्या ओळीत घंटेचं चित्र होतं. ते दाबलं की स्पीकरमधून जोरात घंटा वाजायची आणि घरात असेल ते माणूस धावत यायचं.

हे अक्षरांचं काम करणारा प्रोग्राम ज्याने बनवला त्याने तो कधीच बंद केला होता. नव्या कॉम्प्युटरवर तो चालत नसे. त्यामुळे पडदा पिवळा पडलेलं, पंखा घरघरणारं ते यंत्र जिवापाड जपायचं, हे घरात ठरून गेलं होतं.

बायको सकाळी औषधांच्या दुकानात अर्धा दिवस काम करायची. तेवढा वेळ त्याच्याजवळ वन्सं बसायच्या. त्याची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी. अठ्ठावन्न वर्षांच्या भावाला त्या अजून बाळ म्हणत, आणि बाळाच्या हिताचं काय ते आपल्यालाच कळतं, याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली नव्हती.

घोळ सुरू झाला तो वन्संच्याच पेन ड्राइव्हवरून. बाळाला जुने फोटो दाखवावेत म्हणून त्यांनी ते कुठल्याशा दुकानातून भरून आणले. फोटो पाहून झाले, तो हसला. त्याचं हसू आता फक्त डोळ्यांतच दिसे. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको घरी आली तर फोन वाजत होता. कारखान्यातला त्याचा जुना जोडीदार बोलत होता. तीन वर्षांत त्याचा फोन नव्हता.

"वहिनी, मायक्रोने मला पत्र लिहिलं आज सकाळी. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. फक्त ते फोटो काही उघडत नाहीत."

"कुठले फोटो?"

"लिहिलंय की, 'हे फोटो बघ, तुझेच आहेत ना?' म्हणून."

तिने जाऊन पाहिलं. एका मिनिटात एक्केचाळीस जणांना तीच ओळ गेली होती, खाली एक निळी लिंक. डॉक्टरांना, लेकीला, तिच्या सासरच्यांना, विम्याच्या माणसाला. दिवसभरात तीस-चाळीस शब्द जुळवणारा नवरा, आणि कुणीतरी त्याच्या तोंडाने एका मिनिटात एवढं बोलून गेलं होतं. तो पडद्याकडे पाहत होता. ओळी उजळत होत्या, पण अंगठा हलत नव्हता. बऱ्याच वेळाने त्याने लिहिलं: मी नाही.

"माहीत आहे हो," ती म्हणाली. "मी सगळ्यांना कळवते."

कळवताना तिने यादी वाचून दाखवली. बहुतेक नावं ओळखीची होती. एका ठिकाणी नुसतं 'बाई' होतं.

"ह्या कोण बाई?"

त्याने थोड्या वेळाने लिहिलं: शाळेच्या.

तिला वाटलं, याला शिकवायला असतील कुणी. अजून हयात आहेत म्हणजे नव्वदीला टेकल्या असतील. तिने त्यांनाही लिहिलं, 'चुकून गेलेला निरोप आहे, लिंक उघडू नये, नमस्कार.' आणि पुढच्या नावाकडे वळली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाजारपेठेच्या टोकाला बसे. पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर, हातात कायम स्क्रू ड्रायव्हर. तिने घरी येऊन दोन तास खपून यंत्र साफ केलं.

"आता अँटिव्हायरस बसवा एखादा," ती म्हणाली. "फुकटातले चांगले मिळतात. पण हे यंत्र म्हातारं आहे, मेमरी अगदी थोडी. हलका बघून घ्या."

"हलका म्हणजे?"

"डाउनलोड लहान आहे म्हणून हलका समजू नका. चालायला लागल्यावर किती जागा अडवतो ते बघायचं. काही पाहुणे छोटी पिशवी घेऊन येतात आणि आख्खं घर व्यापून बसतात, तसं असतं ते."

कुठला घ्यायचा ते मात्र वन्संनी ठरवलं. त्यांच्या सुनेच्या ऑफिसात होता तोच, नावाजलेला. "बाळाच्या बाबतीत हलकं-बिलकं नको," त्या म्हणाल्या. "राखणदार कसा दणकट हवा." तो अंगठ्याने काहीतरी जुळवत होता, पण वाक्य पुरं व्हायच्या आत सुनेने फोनवरून सांगत सांगत वन्संकडून तो बसवूनही घेतला.

त्या दिवसापासून अक्षरं घसरायला लागली. राखणदार आत फायली तपासत फिरू लागला की यंत्राला धाप लागायची. अंगठा 'प'वर पडायचा, पण दाब पोचेपर्यंत उजेड 'फ'वर गेलेला असायचा. पाणी मागितलं की 'फाणी' उमटायचं, पाय म्हटलं की 'फाय'. वन्संना सांगायला गेला 'बस', तर झालं 'भस'.

"भस काय करतोस," वन्सं हसून म्हणाल्या. "लहानपणी बोबडं बोलायचास तसंच चाललंय तुझं."

तो हसला नाही. चूक खोडायची तर पुन्हा सगळ्या ओळी पार करून तळाशी जावं लागे. दोन शब्दांना पाच-पाच मिनिटं जायला लागली. चार दिवसांत तो लिहिणंच टाळायला लागला. पाठ अवघडली तरी सांगेना. पाचव्या दिवशी त्याला अंघोळ घालताना बायकोला कमरेवर लाल चट्टा दिसला.

"हे कधीपासून दुखतंय? मला का नाही सांगितलंत?"

त्याने डोळे मिटून घेतले.

तिने त्याच दुपारी तो दणकट राखणदार काढून टाकला आणि स्वतः बसून दुसरा शोधला. दुकानातल्या औषधांची पत्रकं वाचायची सवय होती, तसं तिने एकेकाचं सगळं वाचलं, बारीक अक्षरांतलंसुद्धा. फुकट, हलका, जुन्या यंत्रांना चालणारा. लोकांनी चांगलं म्हटलं होतं. बसवून पाहिला. अक्षरं पुन्हा जागेवर आली, 'पाणी'चं पाणी झालं. तिला वाटलं, सुटलो.

मात्र दिवसातून तीन-चारदा कोपऱ्यात एक चौकोन वर यायचा: 'तुमचं संरक्षण अपुरं आहे, पूर्ण आवृत्ती घ्या.' कुणीतरी माऊसने तो बंद करायचं. फुकटातलं आहे, एवढं चालायचंच, असं तिने धरलं.

एके दिवशी चार वाजता ती स्वयंपाकघरात त्याचं जेवण मिक्सरमधून काढत होती. मधे दोन खोल्यांतली एक भिंत, फार तर दहा पावलं. मिक्सर थांबला आणि तिला घर फार शांत वाटलं. का ते तिला नंतरही सांगता आलं नाही. कॉम्प्युटरचा पंखा तर चालूच होता. ती हात न पुसताच आत गेली.

त्याचा चेहरा जांभळट झाला होता. घशात कफ अडकला होता आणि डोळे पडद्यावर खिळले होते. पडद्यावर मधोमध तो चौकोन होता, या वेळी मोठा, आणि त्याच्या मागे अक्षरांच्या ओळी थिजल्या होत्या. अंगठा हलत होता. दाबत होता, पुन्हा दाबत होता. पण प्रत्येक दाब त्या चौकोनालाच मिळत होता, घंटेपर्यंत काही पोचत नव्हतं.

तिने कफ ओढायचं मशीन लावलं. नळी पहिल्याच खेपेला नीट गेली. कफ निघाला. श्वास आला, परत गेला, परत आला. ओठांचा रंग बदलेपर्यंत ती त्याच्या छातीवर हात ठेवून उभी राहिली. मग जमिनीवरच बसली.

फोन केला तशा वन्सं धावत आल्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "काढून टाक सगळं. अँटिव्हायरसही नको आणि नेटही नको. नेट नाही तर व्हायरस येतोय कुठून? त्याला काय करायचंय नेट? माणसं आहेत ना आपण घरात."

तिला ते पटलं. त्या क्षणी तिला काहीही पटलं असतं. तिने अँटिव्हायरस काढला आणि नेटची वायर उपटून कपाटात ठेवली.

सकाळी त्याने लिहिलं: नेट.

"नको हो आता ते," ती म्हणाली. "जीव थाऱ्यावर नाही माझा. थोडे दिवस जाऊ देत."

त्याने पुन्हा लिहिलं: नेट हवं.

"कशाला हवं? बातम्या मी वाचून दाखवते. लेकीशी फोनवर बोलू."

त्याने अंगठा बटणावरून बाजूला सरकवला. एवढं त्याला जमत होतं. त्यानंतर दोन दिवस तो एक अक्षर बोलला नाही. पाणी हवं का, तर डोळे मिटलेले. कूस बदलू का, तर मिटलेले. वन्सं म्हणाल्या, "रुसलाय. निघेल रुसवा." पण तीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याचा रुसवा आणि निश्चय यातला फरक बायकोला कळत होता.

तिसऱ्या दिवशी दुकानातून परतताना ती बाजारपेठेच्या टोकाला गेली.

दुरुस्तीवालीने सगळं ऐकलं. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "घंटा कॉम्प्युटरवर होती? आणि मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "माझंही चुकलं. मीच विचारायला हवं होतं, हे यंत्र नेमकं काय काम करतं म्हणून. हलका, जड, फुकट, हे सगळं त्यानंतरचं." मग ड्रॉवर धुंडाळत म्हणाली, "आधी वेगळी घंटा लावू, बॅटरीवर चालणारी. तिचा कॉम्प्युटरशी काही संबंध नको. अँटिव्हायरसचं नंतर बघू. पण ते मी ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. त्यांचा अंगठा आहे, त्यांना विचारू."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. अंगठ्याच्या बटणाशेजारी तिने दुसरं बटण बसवलं, लांब दाबलं की वाजणारं. मग त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि त्याच्याकडे पाहून बोलायला लागली. घरात येणारे बहुतेक लोक त्याच्याबद्दल बायकोकडे पाहून बोलत.

"तीन आहेत माझ्याकडे, तिन्ही फुकट. तुम्ही लिहून बघा. मी आतून तपासणी चालू ठेवते, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी कसा वागतो ते कळेल. घसरला की बाद."

त्याने अंगठा परत बटणावर आणला. तीन दिवसांनी पहिल्यांदा. लिहिलं: चालेल.

त्याने लेथवरच्या दिवसांतलं एकच वाक्य प्रत्येकावर तीनदा लिहून पाहिलं: आटे पाडताना घाई करू नये. पहिल्यावर 'घाई'ची दोनदा चूक झाली. दुसरा बरा होता, पण तिसऱ्या खेपेला एकदा अडखळला. दुरुस्तीवाली म्हणाली, "एवढं चालेल की." त्याने लिहिलं: नाही. तिसऱ्यावर तिन्हीच्या तिन्ही ओळी सरळ आल्या. मग त्याने तो आणखी दोनदा तपासला. ऊन खिडकीतून पलीकडच्या भिंतीवर गेलं. वन्सं दोनदा चहा करून आल्या आणि दोन्ही वेळा कप ठेवून गेल्या.

"हा गप्प बसवता येतो," दुरुस्तीवाली म्हणाली. "एक खूण केली की चौकोन नाहीत, आवाज नाहीत. काही सापडलं तर वहीत नोंद ठेवल्यासारखी ठेवतो, आपण सवडीने बघायची. पूर्ण तपासणी कधी लावू?"

रविवार अंघोळ, त्याने लिहिलं. अंघोळीचा तास-दीड तास तो कॉम्प्युटरपासून दूर असायचा.

"आणि पेन ड्राइव्ह?"

बंद, त्याने लिहिलं. वन्संकडे पाहिलं. वन्संनी मान खाली घातली.

अँटिव्हायरसची व्हायरसांची यादी ताजी करायला नेट लागणार होतं. बायकोने कपाटातून वायर काढून दिली. दुरुस्तीवालीने ती जोडली, काम उरकलं, आणि आपल्या पिशवीत अवजारं भरून निघाली. वन्सं तिच्याबरोबर खाली गेल्या. बायको माऊस हातात घेऊन, एरवी तो अंगठ्याने स्वतःच उघडायचा ती पत्रपेटी उघडून द्यायला वाकली.

पेटीत अलीकडची चार पत्रं होती, चारही बाईंची. उघडायची गरजच नव्हती, पहिल्या ओळी तशाच दिसत होत्या. पहिली: 'तुझ्या नावाने काहीतरी आलंय, तू नाहीस हे ओळखलं, इतकं भराभर आपण कुठे लिहितो.' दुसरी: 'आज पाऊण तासात एवढंच.' तिसरी: 'उत्तर नाही, बरा आहेस ना.' आणि सगळ्यात वर, त्याच सकाळची: 'नळीचं बायकोला सांगितलंस का.'

ती वाचत होती आणि तो तिला वाचताना पाहत होता. मान वळवणं त्याच्या हातात नव्हतं.

नळी म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. श्वास कमी पडायला लागेल तेव्हा गळ्याला छिद्र पाडून कायमचं मशीन जोडायचं, की नाही, हे डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वी विचारलं होतं. ती तेव्हाच म्हणाली होती, "जोडायचं, विचारायचं काय त्यात." त्याने लिहिलं होतं, बघू.

"ह्या शाळेच्या बाई," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला शिकवलं नाही यांनी."

नाही.

"मग कोण?"

शिकवायच्या. आता माझ्यासारख्या.

ती खुर्ची ओढून बसली. "किती दिवस लिहिताय?"

वर्ष.

"मला म्हणाला असतात तर मी काय नको म्हटलं असतं?" तिचा आवाज चढला आणि तिने तो मुद्दाम खाली आणला. "आणि नळीचं काय? काय सांगायचं होतं मला?"

ओळी उजळत राहिल्या. त-ची ओळ आली, गेली. पुन्हा आली. त्याने अंगठा दाबला. सरळ, न घसरता, एकेक अक्षर पडत गेलं. तिसऱ्या अक्षराला तिला कळलं होतं, तरी तिने मधे तोडलं नाही, शब्द पुरा करून दिला नाही.

नळी नको.

"त्यांनी सांगितलं का तुम्हाला असं?"

नाही. त्यांना आहे. त्यांना पटली. मला नको.

"आणि मी?"

याला त्याने फार वेळ घेतला. दोनदा काहीतरी लिहून खोडलं. खाली रस्त्यावर वन्संचा कुणाशी तरी बोलल्याचा आवाज येत होता. शेवटी पडद्यावर उमटलं: तुझ्यामुळेच सांगता येईना.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला, बंद केला. भांडी विसळलेलीच होती, ती तिने पुन्हा विसळली. परत आली तेव्हा तो तसाच पाहत होता.

"मला पटलेलं नाही," ती म्हणाली. "आज विचाराल तर नाही पटलेलं. पण ते मी तुमच्याशीच भांडणार. तुम्ही दमलात तर उद्या पुढे चालू. असं परक्या माणसाच्या पत्रातून मला कळायला नको होतं."

चुकलं, त्याने लिहिलं.

ते भांडण आठ दिवस चाललं. ती दोन वाक्यं बोलायची आणि त्याच्या एका वाक्यासाठी दहा मिनिटं थांबायची. थांबता थांबता तिचा राग निम्मा व्हायचा, मग नव्याने भरायचा. तो थोडक्यात लिहायचा, पण मागे हटायचा नाही. वन्संना कळलं तेव्हा त्या तिच्यावरच उलटल्या, "तूच भरवलं असशील त्याच्या डोक्यात." त्यावर त्यांच्या भावाने लिहिलं: ताई, गप्प. वन्सं तिथेच बसून रडल्या. मग डोळे पुसून त्याची उशी नीट केली.

डॉक्टर महिन्याच्या शेवटी आले. नेहमीप्रमाणे त्यांनी नाडी पाहिली, छाती ऐकली आणि दाराशी उभ्या असलेल्या बायकोला विचारलं, "मग, काय ठरलं तुमचं?"

"त्यांना विचारा," ती म्हणाली.

डॉक्टर स्टुलावर बसले. त्याला अकरा मिनिटं लागली. मधे डॉक्टरांचा फोन दोनदा वाजला, तो त्यांनी बंद केला. पडद्यावर आलं: नळी नको. मास्क चालेल. शुद्धीत सांगतोय, लिहून घ्या. डॉक्टरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि कागद वाचून दाखवला. त्याने 'हो' लिहिलं. बायकोने खाली साक्षीदार म्हणून सही केली. सही नेहमीपेक्षा वाकडी आली.

श्वासाला हवा देणाऱ्या मास्कवर त्याने चौदा महिने काढले. त्यातले शेवटचे तीन आठवडे अंगठाही चालेना, तेव्हा ती पाटीवर अक्षरं लिहून बोटाने दाखवायची आणि तो डोळ्यांनी थांबवायचा. गेला तो एका सकाळी, साडेदहाच्या सुमारास. बायको आणि वन्सं दोघी जवळ होत्या.

तेरा दिवसांनी तिने कॉम्प्युटर चालू केला. पत्रपेटीत बाईंची दोन पत्रं होती. ती बराच वेळ कळफलकावर हात ठेवून बसली. मग लिहिलं: 'मी त्यांची बायको. ते गेले. शेवटपर्यंत त्यांनी ठरवलं तसंच झालं. मला अजून पटलेलं नाही, पण मी तसंच होऊ दिलं.'

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. लिहायला किती वेळ लागला असेल याचा अंदाज आता तिला येत होता.

'तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. तुम्ही जेवलात का?'

तिने त्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं.